आजोबांचा वस्तरा चालेल का? धार कोण लावणार, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इंदूरचाच, वय २७. पाच पात्यांच्या कार्ट्रिजने दाढी केली की मानेवर पुरळ उठतं, केस आत वळतात. व्हिडिओ बघून ऑनलाइन पाचशे रुपयांचा वस्तरा मागवला. दोनदा प्रयत्न केला. गालावर ओढतो, आणि हनुवटीखाली कापलं. आता वीस हजारांचा जर्मन वस्तरा घ्यावा, घरात आजोबांचा जुना पडलाय तो वापरावा, की हा नाद सोडून द्यावा? हात बसला तर वडिलांचीही दाढी करून द्यायची आहे, त्यांचा हात आता थरथरतो."

नमस्कार. तुम्ही तीन पर्याय दिलेत, पण त्यातला एक निवडण्याआधी जी गोष्ट बघायला हवी ती तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही. वस्तऱ्याला धार कोण लावणार? जर्मन असो की आजोबांचा, रोज वापरला तर दोन-तीन महिन्यांत त्याची धार उतरणार. ती परत आणायची सोय नसेल, तर वीस हजारांचा वस्तराही पाचशेवाल्याच्या शेजारी कपाटात जाऊन बसेल. म्हणून माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

माझ्याविषयी एवढंच सांगतो की आमचं सलून राजवाड्याच्या मागच्या बाजूला आहे आणि धंद्यातली ही तिसरी पिढी. आजोबा धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, घेऊन रामबागेतल्या मराठी घरांमध्ये दाढ्या करायला जायचे. धोकटीत वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पितळेची वाटी, आरसा आणि धारेचा एक गुळगुळीत दगड. वडिलांच्या काळात ब्लेडचा वस्तरा आला. मी दुकानात ब्लेडचाच वापरतो, पण धारेचे, म्हणजे पातं न बदलता धार लावून वापरायचे, वस्तरे दगडावर घ्यायचं, म्हणजे घासून धार लावायचं, काम आजोबांकडून शिकलो आणि ते अजून सोडलेलं नाही. आता बरीच तरुण मंडळी घरातले जुने वस्तरे घेऊन येतात, त्यामुळे तुमच्यासारखे प्रश्न माझ्यासमोर सारखे असतात.

आधी तुमच्या त्या दोन दाढ्यांचं बोलू. वस्तरा ओढतो याचा अर्थ तो केस कापत नाही, केसाला अडून त्याला मुळापासून खेचतो. असं झालं की माणूस नकळत जोर लावतो आणि पातं जरा उभं धरतो. केसाला न कापणारी ती धार मऊ कातडीत मात्र सहज शिरते, आणि हनुवटीखाली कातडी सैल असल्यामुळे तिथे आधी शिरते. नवखेपणा होताच, तरी मुख्य दोष वस्तऱ्याचा. खात्री करायची असेल तर कोपराखाली हातावरचा केस बघा. पातं कातडीपासून जरा वर, कातडीला न टेकवता नुसतं केसांवरून न्या. दाढीला तयार असलेला वस्तरा केसांची टोकं अलगद छाटत जातो. तुमचा नुसता केस वाकवून पुढे जाईल, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

पाचशे रुपयांच्या वस्तऱ्यांची गोष्ट अशी की त्यातले बरेचसे वस्तऱ्याच्या आकाराचे असतात, एवढंच. पत्रा कापून पातं काढलेलं, पोलाद मऊ, पाठ, म्हणजे धारेच्या समोरची जाड कड, सरळ नाही. वस्तऱ्यात पाठीचं महत्त्व फार. दगडावर घासताना पातं आडवं टाकायचं असतं, म्हणजे धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन हाताने राखायचा नसतो, तो पाठीच्या जाडीने ठरलेला असतो. पात्याची रुंदी पाठीच्या जाडीच्या साधारण चौपट असेल तर हा कोन पंधरा अंशांच्या आसपास येतो, आणि दाढीला तोच लागतो. पाठ वाकडी निघाली तर धार कुठे टेकते, कुठे अधांतरी राहते, आणि कितीही घासलं तरी मधला भाग बोथटच राहतो. खिडकीच्या सपाट काचेवर तुमचा वस्तरा आडवा ठेवून बघा. डगमगत असेल तर त्याच्यावर आणखी कष्ट घेऊ नका. पण फेकूही नका, त्याचा एक चांगला उपयोग पुढे सांगतो.

आता आजोबांचा वस्तरा. माझा कल या वस्तऱ्याकडे आहे, पण न बघता तो चांगला म्हणणार नाही. उजेडात धरा आणि या क्रमाने बघा. धारेवर कुठे बारीक आडवी चीर दिसते का? चीर असेल तर तो वस्तरा जपून ठेवायची वस्तू आहे, चेहऱ्याला लावायची नाही. नंतर गंज. पाठीवरचा, मुठीजवळचा गंज निघतो. नुसत्या तपकिरी डागांनीही काही बिघडत नाही. पण गंजाने अगदी धारेपाशी खड्डे पडले असतील तर दगडावर नवी धार काढली तरी ती त्या खड्ड्यांपाशी तुटते. थोडेच असतील तर तेवढं पोलाद घासून मागे जाता येतं. पातं किती रुंद उरलंय यावर ते अवलंबून. मग मूठ. शिंगाची असेल तर किडीने खाल्ली आहे का ते बघा. जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि कापरासारखा किंवा आंबूस वास येत असेल, मुठीलगतचं पोलाद तेवढंच गंजलेलं असेल, तर सेल्युलॉइड कुजायला लागलंय. त्यातून निघणारी वाफ पात्याला खाते, आणि सेल्युलॉइड पेटतंही चटकन. ती मूठ बदलावीच लागते. हस्तिदंताची निघाली तर विकायच्या भानगडीत पडू नका, हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे कायद्याने बंद आहे.

मुठीच्या खिळ्याजवळ, पातं सुरू होण्याआधी जो दांडा असतो त्यावर बहुतेक वेळा छाप असतो. जर्मनीतलं सोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही दोन नावं आपल्याकडच्या जुन्या घरांत सगळ्यात जास्त सापडतात. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवून एकजीव पोलाद काढायची रीत बसवली, तिथून चांगल्या वस्तऱ्यांचं युग सुरू झालं म्हणायला हरकत नाही. छापात 'जर्मनी' हा देशही कोरलेला असेल तर वस्तरा बहुधा १८८७ नंतरचा आहे, कारण परदेशी माल इंग्लिश म्हणून खपवला जाऊ नये यासाठी ब्रिटिशांनी त्या वर्षी कायदा केला. नुसतं नाव बघून मात्र हुरळून जाऊ नका, बाजारात खोटे छाप फार आहेत. 'सोलिंगेन' या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, तरी ते नाव कोरलेला हलका माल ऑनलाइन सर्रास विकला जातो. छापापेक्षा काचेवरची परीक्षा खरी.

जर्मन वस्तरा घ्यावा का? वस्तू म्हणून त्यात काही खोट नाही. सोलिंगेनचा किंवा फ्रान्समधल्या तिएरचा नवा वस्तरा नीट वापरला तर तुमच्या नातवापर्यंत जाईल. पण नव्या वस्तऱ्यालाही कारखान्याची धार असते, आणि ती दाढीला पुरेशी असतेच असं नाही. पुष्कळांना पहिल्या दिवसापासून तो दगडावर घ्यावा लागतो. म्हणजे वीस हजार देऊनही तुम्ही पुन्हा त्याच प्रश्नापाशी येता. शिकण्याच्या काळात वस्तरा एकदा तरी नळाला आपटतो आणि टोकाचा तुकडा उडतो. ते आजोबांच्या वस्तऱ्याचंही व्हायला नको, म्हणून तोटीपासून दूर, आरशासमोर टेबलावर वाटी घेऊन बसा.

घराघरांतून वस्तरा गेला तो धारेच्याच कटकटीमुळे, हे लक्षात घेतलंत तर आजची अडचण नीट कळेल. १८८० मध्ये अमेरिकेत कांफे बंधूंनी जाळीचं संरक्षण असलेला रेझर काढला, पण त्याचं पातं घडीव होतं, त्याला धार लावावीच लागायची, म्हणून फार काही बदललं नाही. किंग कॅम्प जिलेट याने पातळ पत्र्याचं फेकून द्यायचं ब्लेड आणलं. १९०३ मध्ये त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि कोट्यवधी ब्लेडं घेतली. सैनिक घरी परतले ते ब्लेडची सवय घेऊन. धारेचा दगड आणि धार सरळ ठेवायचा चामडी पट्टा सांभाळायची गरजच उरली नाही.

आपल्या सलूनमध्ये हा बदल बराच उशिरा आला आणि वेगळ्या कारणाने आला. १९९० च्या दशकात एड्सबद्दल जागृती झाली आणि ग्राहक नवं ब्लेड मागू लागले. तेव्हापासून दोन धारांचं ब्लेड ग्राहकासमोर मोडायचं, अर्धं वस्तऱ्यात सरकवायचं, दाढी झाली की फेकायचं, ही रीत रुळली. हा बदल चांगलाच झाला. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो, आणि एका गिऱ्हाइकाचा वस्तरा डेटॉलच्या पाण्यात बुडवून दुसऱ्याला लावण्याने तो मरतोच याची हमी नाही. त्यामुळे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. धारेचा वस्तरा एका माणसाचा असतो. कुठल्याही सलूनमध्ये कुणी हौसेने जुना वस्तरा काढून "साहेब, असली दाढी करून देतो" म्हणाला तर नको म्हणा. तुमचा स्वतःचा नेलात आणि त्या कारागिराचा हात बसलेला असेल तर जरूर करून घ्या.

पण या बदलात धार लावणारे हातही गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या आजोबांच्या वयाच्या प्रत्येक कारागिराला दगड यायचा. माझ्या बरोबरीच्यांना तो यायचं कारण उरलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद राहिली, पुरुषांनी घरी दाढी करायला शिकून घेतलं, काहींना त्याची गोडी लागली आणि वस्तऱ्यापर्यंत पोचले. मागणी परत आली आहे, धार लावणारे अजून तेवढे परत आलेले नाहीत. म्हणून विनवून सांगतो, सायकलवर चाक बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. तो माणूस त्याच्या कामात वाकबगार असतो, पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याची कागदाइतकी पातळ धार क्षणात तापते. दोनशे अंशांच्या पुढे गेली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागतं, निळसर झाक आली तर ते गेलंच म्हणायचं. ते परत येत नाही. चाकाखाली पाठही झिजते, आणि कोन कायमचा बिघडतो.

दगडावरचं काम कसं असतं ते थोडं सांगतो, म्हणजे कुणाला द्यायचं किंवा स्वतः शिकायचं हे ठरवता येईल. हल्ली मिळणारे जपानी पाण्याचे दगड त्यांच्या कणांच्या बारकाव्यावरून क्रमांकाने ओळखले जातात. हजार नंबरच्या दगडावर धारेचा पाया बसतो, मग तीन-चार हजार, आठ हजार, आणि शेवट बारा हजारावर. खरा वेळ पहिल्या दगडावर द्यायचा. तिथे पात्याच्या दोन्ही बाजू धारेशी, टाचेपासून (मुठीकडच्या कडेपासून) टोकापर्यंत, जुळल्या नाहीत तर पुढचे दगड नुसती चमक देतात. मी हजारावरून उठण्याआधी पातं दिव्याखाली धार वर करून धरतो. धारेवर कुठेही उजेडाचा ठिपका चमकला तर तेवढी जागा अजून बोथट आहे. खरी धार उजेड परत पाठवत नाही, तिथे काळी रेघ दिसते. दगडावर पातं धारेच्या दिशेने पुढे न्यायचं, हाताचं वजनही टाकायचं नाही, आणि परतवताना पाठीवर उलटायचं. पाणी धारेच्या पुढे एकसारखं चढत पात्यावर येताना दिसलं की समजायचं, धार सगळीकडे टेकते आहे. शेवटच्या दगडानंतर डोक्याचा एक केस धारेवर टेकवला तर तो अडकून तुटला पाहिजे. हे शिकायला महिने लागतात. अवघड म्हणून नाही, हाताला भार सोडायची सवय नसते म्हणून.

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवायचं काम मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच करावं लागेल, त्यात कुणाची मदत नाही. प्रत्येक दाढीपूर्वी आधी कापडी बाजूवर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरायचा. सैल राहिला तर झोळ पडतो आणि धार गोल होते. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच वळवायचं, पाठ चामड्यावरून उठू द्यायची नाही. घाई केली की इथेच पट्टा कापला जातो, आणि चांगला पट्टा दीड-दोन हजारांच्या खाली येत नाही. आता तुमच्या पाचशेच्या वस्तऱ्याचं काम: जुना, शिवण नसलेला चामडी कमरपट्टा खुंटीला अडकवा आणि त्या वस्तऱ्याने पंधरा दिवस हे वळण हातात बसवा. तो बोथट आहे, त्यामुळे पट्ट्याचंही नुकसान नाही आणि बोटांचंही. आवाज ऐका. वस्तरा सपाट चालला की फेरी एका सुरात वाजते. आजोबा तर गिऱ्हाइकाच्या ओसरीवर पट्टा टांगायला जागा नसली की तळहातावर फिरवायचे, पण तुम्ही ते करू नका.

हे सगळं सांभाळलं तर एकदा दगडावर घेतलेला वस्तरा दोन-तीन महिने चालतो, दाढी दाट आणि राठ असेल तर कमी. त्यामुळे वर्षातून चार ते सहा वेळा कुणीतरी धार लावून देणारा तुम्हाला लागेल, किंवा दगड तुम्हालाच शिकावा लागेल. इंदुरात काही जण हे काम करतात. त्यांना वस्तरा देण्याआधी एवढंच विचारा, "कुठल्या दगडांवर घेता?" उत्तरात मशीनचं चाक आलं तर नमस्कार करून परत या.

आता मानेच्या पुरळाचं. खरं तर तुम्ही वस्तऱ्याकडे वळलात ते याच त्रासामुळे, आणि इथे मला सावध बोलायला हवं. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस जरा वर ओढतं आणि मागचं तो कापतं, त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या पातळीखाली जातं. केस वळणदार असेल तर वाढताना तो बाहेर न येता आतल्या आत कातडीत घुसतो. एकच धार केस कातडीच्या बरोबरीने कापते, म्हणून पुष्कळांचा हा त्रास वस्तऱ्याने कमी होतो. पण एकच धार साध्या सेफ्टी रेझरमध्येही असते. तुम्हाला पुरळच घालवायचं असेल आणि वस्तऱ्याची ओढ नसेल तर हजारभराचा सेफ्टी रेझर घ्या, काम भागेल. त्यानेही थांबलं नाही, पुवाच्या पुळ्या येत असतील, खाज सुटून गोल चट्टे पडत असतील किंवा जखमेच्या जागी कातडी गाठीसारखी वाढत असेल, तर दाढी थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बुरशीचा किंवा जंतूंचा संसर्ग असेल तर कुठलंही पातं तो पसरवतंच.

आणि केस कुठल्या दिशेने वाढतो ते ओळखा. सकाळी कोरड्या दाढीवरून बोटं फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं ती वाढीची दिशा. गालावर बहुतेकांची खालीच असते, पण मानेवर मात्र कुणाची वर, कुणाची आडवी, एका बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूची निराळी. माझ्याकडे पुरळाची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांनी आपल्या मानेची दिशा कधी बघितलेलीच नसते आणि सगळे खालून वर ओढत असतात. कागदावर चेहरा काढून बाण करा आणि आरशाला चिकटवा. पहिले दोन महिने उलट्या दिशेने एकदाही जायचं नाही. दाढी तेवढी गुळगुळीत येणार नाही, ते चालवून घ्या.

फेसाचं थोडक्यात. अंघोळीनंतर करा, केस पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजला की मऊ पडतो आणि कापायला जोर लागत नाही. ब्रशने वाटीत फेस काढा, पातळ चक्क्याइतका दाट, बुडबुडे न दिसणारा. तुमच्या कॉलनीत बोअरिंगचं पाणी असेल तर साबण फेसाळणार नाही, वाटीत पांढरा चोथा जमेल. मग साबण बदलत बसू नका. दाढीपुरतं नर्मदेचं नळाचं पाणी भरून ठेवा किंवा आरओचं वापरा. उकळून गाळलेल्या पाण्यानेही फरक पडतो.

हातात वस्तरा घेतल्यावर पहिला आठवडा फक्त दोन्ही गाल. बाकी दाढी सेफ्टी रेझरने उरका. पातं आधी गालावर पूर्ण आडवं टेकवा, मग पाठ साधारण तिच्याच जाडीएवढी, फार तर दुप्पट, वर उचला, म्हणजे तीसेक अंशांपर्यंतचा कोन येतो. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली हवी. हे काम वस्तरा धरलेल्या हाताइतकंच महत्त्वाचं आहे. बोटं निसटत असतील तर तुरटीचा खडा ओल्या बोटांवर चोळा, पकड लगेच येते. आमच्याकडे तुरटी दाढीनंतरच्या चिरांसाठी ठेवतात, पण मला तिचा हा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. पातं नेहमी धारेच्या दिशेने पुढे जाईल, धारेच्या रेषेत आडवं कधीही सरकवायचं नाही. कातडी कापली जाते ती अशा सरकण्याने. दुसऱ्या आठवड्यात कानशिलाखालचा जबडा, मग मान, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी आणि ओठावरचा भाग. हातातून वस्तरा निसटला तर झेलायला जाऊ नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. वस्तरा दुसरा मिळेल.

दाढीनंतर धुऊन, कोरड्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसून, उघडा थोडा वेळ ठेवा आणि मग मिटा. मे महिन्यात आपल्याकडे एवढं पुरतं. जून ते सप्टेंबर बाथरूममध्ये अजिबात ठेवू नका, आणि पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुसून लावा. जुनं कार्बन पोलाद एका रात्रीत ठिपके धरतं. चामडी पाकिटात तर पावसाळ्यात नकोच, ते दमट राहतं.

आता खरेदीचा क्रम जुळवून सांगतो. लगेच सेफ्टी रेझर, ब्रश, साबण आणि तुरटी, आणि त्यावर महिनाभर फेस, दिशा आणि कातडी ताणणं हे तिन्ही शिका. याच महिन्यात पाचशेच्या वस्तऱ्यावर पट्ट्याची वळणं. मग आजोबांचा वस्तरा कुणाला तरी दाखवा, चीर नसेल तर दगडावर घेऊन आणा, आणि त्या दिवशी चांगला पट्टा विकत घ्या. दगड सहा महिन्यांनी, तेव्हाही गोडी टिकली असेल तर. जर्मन वस्तऱ्याचा विचार त्यानंतर. मधला एक पर्याय लोक सुचवतात तो म्हणजे आम्ही वापरतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा. दोनशे रुपयांत मिळतो, धार लावायची कटकट नाही. तो घेऊ शकता, पण त्यावरून धारेच्या वस्तऱ्याचा अंदाज बांधू नका. ब्लेड पातळ, हलकं आणि अतिशय तीक्ष्ण असतं, कोपरा चटकन टोचतो, हाताला माफी देत नाही. घडीव वस्तऱ्याला वजन असतं आणि तो कातडीवर शांत चालतो. ब्लेड वापरलंत तर वापरलेली अर्धी ब्लेडं झाकणाच्या डब्यात जमवा आणि कचरा गाडीच्या घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. सुक्या कचऱ्यात टाकलेलं ब्लेड सफाई कामगाराच्या हातात जातं.

राहिली वडिलांची दाढी. तुमचा विचार मला फार आवडला, पण वस्तऱ्याने नको, हात बसला तरी नको. स्वतःच्या चेहऱ्यावर कातडी आणि हात दोन्ही तुम्हाला सांगत असतात, जरा टोचलं की हात आपोआप थांबतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फक्त हात सांगतो, आणि तेवढ्यावर काम करायला आम्हा लोकांना वर्षं लागतात. त्यात वयस्कर माणसाची कातडी पातळ आणि सैल, गालात खळगे, हात थरथरतो तशी मानही हलत असेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर साधी चीरही लवकर थांबत नाही, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी रोजच्याला ट्रिमर ठेवा. सणावाराला गुळगुळीत हवी असेल तर खुर्चीत पाठीला उशी देऊन बसवा, गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं गालावर ठेवा, फेस भरपूर घ्या आणि सेफ्टी रेझरने छोट्या छोट्या ओढींनी, वरून खाली, एकदाच करा. दात काढून ठेवलेले असतील तर बसवायला सांगा, गाल भरला की कातडी ताणायला सोपी जाते. त्यांना वस्तऱ्याचीच आवड असेल तर मोहल्ल्यातल्या जुन्या कारागिराला घरी बोलवा. नवं ब्लेड समोर लावायला सांगा. आमच्यातले बरेच जण म्हाताऱ्या माणसांसाठी अजून घरी जातात, विचारलं तर नाही म्हणत नाहीत.